काय ऐकतेयस?

परवा दुपारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं खुणेनंच विचारलं, "काय ऐकतेयस?" मी एका कानावरचा हेडफोन सरकवला, तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. सांगता येईना. संगीत चालू होतं, माझ्याच कानात चालू होतं, सकाळपासून चालू होतं, पण काय चालू होतं ते बघायला मला फोन उचलावा लागला. बघितलं तर सतार. राग कुठला तेही तिथं लिहिलेलं होतं म्हणून कळलं.

"छान आहे का?" तिनं विचारलं.

"असावं," मी म्हटलं.

ती हसली आणि कामाला लागली. मी मात्र जरा अस्वस्थ झाले. त्या सतारियानं बोटांना घट्टे पडेपर्यंत रियाज केला असणार. आणि मी त्याची ती सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड आणि शेवटचा तो वेगवान झाला घेऊन काय केलं, तर महिन्याचे आकडे जुळवताना मध्ये आडोसा म्हणून उभी केली. संगीत ऐकायचं नसतं म्हणून लावलेलं संगीत, हा काय प्रकार आहे?

तसं मला आवाजाचं वावडं नाही. पंख्याची घरघर, प्रिंटरची कुरकुर, बाहेर कुणीतरी ड्रिल मशीननं भिंतीला भोकं पाडतंय, पाडो बापडा. दोन माणसं माझ्या डोक्याशी उभी राहून कडाकडा भांडली तरी माझी बेरीज चुकत नाही. मला संपवतो तो फोनवर बोलणारा एकटा माणूस. आमच्या मागच्या रांगेत असे एक गृहस्थ आहेत. "हो... हो... नाही, ते मी आधीच म्हटलं होतं... काय सांगतेस!... मग?" आणि मग ते फोन कानाला लावून चालत चालत जिन्याकडे जातात. त्या 'मग?'चं पुढं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. आकड्यांच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून मी बसलेली असते आणि डोक्यात पलीकडची बाई काय म्हणाली असेल याच्या दोन-तीन आवृत्त्या तयार होत असतात.

हा माझा चोंबडेपणा आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण 2010 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमका याचाच प्रयोग केला. लोकांना लक्ष देऊन करायची कामं दिली आणि मागे संभाषणं ऐकवली. दोन्ही बाजू ऐकू येणाऱ्या संभाषणानं फारसा फरक पडला नाही, एकाच बाजूच्या संभाषणानं मात्र लोक चुका करायला लागले. पूर्ण संवादात पुढं काय येणार याचा अंदाज बांधता येतो, अर्ध्यात येत नाही, आणि मेंदू ती गाळलेली जागा भरत बसतो. म्हणजे मी चोंबडी नाही, माझा मेंदू चोंबडा आहे. सगळ्यांचाच असतो म्हणे.

तर या गृहस्थांवर उपाय म्हणून मी आवाज गिळणारे ते महागडे हेडफोन घेतले. त्यांची गोष्ट मजेशीर आहे. 1978 मध्ये बोस या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून बॉस्टनला विमानानं निघाले होते. विमानात दिलेले हेडफोन कानाला लावले तर इंजिनाच्या घोंघाटात संगीताचा पार चुराडा. बाकीच्यांनी हवाईसुंदरीकडे तक्रार केली असती. बोस यांनी तिथंच कागद काढून गणित मांडायला सुरुवात केली. कल्पना तशी त्यांच्याही आधीची. पाउल ल्युग नावाच्या जर्मन माणसाला 1936 मध्ये तिचं अमेरिकन पेटंट मिळालं होतं. बाहेरचा आवाज एका बारक्या माइकनं टिपायचा, त्याच्या बरोब्बर उलटी लाट तयार करायची आणि दोन्ही एकमेकींवर सोडायच्या. हिच्या चढावर तिचा उतार येतो आणि दोघी मिळून नाहीशा होतात. भांडण मिटवायची इतकी सुंदर तऱ्हा माणसांना कधी जमली नाही.

फक्त एक गोम आहे. ही उलटी लाट जमते ती सलग, खर्जातल्या आवाजांशी. इंजिन, पंखा, एसी. माणसाचं बोलणं वरच्या पट्टीत चालतं, क्षणाक्षणाला बदलतं, ते यातून निसटतं. त्यामुळे मी पहिल्या दिवशी हेडफोन चढवले, बटण दाबलं, तर एसी गेला, पंखा गेला, सगळं ऑफिस लांब कुठंतरी गेलं, आणि त्या शांततेत मागच्या रांगेतून लख्ख आवाज आला, "काय सांगतेस!" ज्या आवाजांवर माझं काहीच म्हणणं नव्हतं, तेवढे नेमके बंद झाले होते.

लंडनच्या चेल्सी भागात टॉमस कार्लाइल नावाचा लेखक राहायचा. शेजारच्यांचे कोंबडे, पलीकडचा पियानो आणि रस्त्यावरचे वाजंत्री यांनी तो पिसाळायचा. शेवटी 1853 मध्ये त्यानं घराच्या माथ्यावर आवाज आत येणार नाही अशी खास खोली बांधून घ्यायला काढली. बांधून झाली तेव्हा जवळचे आवाज थोडे दबले आणि लांबचे, कधी लक्षातही न आलेले आवाज यायला लागले. घरात सगळ्यात जास्त आवाज तिथंच येतो अशी त्या खोलीची ख्याती झाली. तरी पुढं कितीतरी वर्षं तो तिथंच बसून लिहीत राहिला. पैसे घातलेले होते ना.

मीही हेडफोन परत केले नाहीत. पण नुसत्या शांततेनं भागणार नाही एवढं कळलं. कानात काहीतरी भरायला हवं. मग काय भरायचं?

इथं प्रत्येकाचं सोवळं वेगळं. माझं असं आहे की मराठी गाणं कामाच्या वेळी अजिबात चालत नाही. शब्द आला की मी गेले. हिंदीही नाही. अपवाद फक्त इतक्या वेळा ऐकलेल्या गाण्यांचा, की आता ते शब्द राहिलेले नाहीत, नुसते सूर होऊन गेलेत. ख्याल चालतो. दोन ओळींची बंदिश तासभर चालते, त्यातल्या शब्दांची भीती पहिल्या दहा मिनिटांत जाते. पण विलंबित, म्हणजे संथ लयीतलाच. द्रुत सुरू झालं की माझा टायपिंगचा वेग लयीबरोबर वाढतो आणि तालाचं आवर्तन फिरून समेला, म्हणजे पहिल्या मात्रेवर आलं, की मी एंटर दाबते, मग वाक्य पूर्ण झालेलं असो वा नसो. तराणा हा खरं तर आदर्श. दिर दिर, तनन, देरेना. अर्थाचा संबंधच नाही. पण तराणा लावून लिहिलेल्या मेल नंतर वाचल्या तर त्या भांडायला उठल्यासारख्या वाटतात, म्हणून तोही बाद. सगळ्यात उत्तम नुसता तानपुरा. मात्र तो लावला की अर्ध्या तासानं, आता कुणीतरी गायला सुरुवात करेल, अशी वाट बघायला लागते.

न कळणाऱ्या भाषेतली गाणी मला फार मानवतात. कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका माझ्या कानात काय काय दुःखं सांगून गेल्या असतील, मला पत्ता नाही. यावरही संशोधन आहेच. 1976 मधल्या एका प्रयोगात लोकांना अक्षरं क्रमानं लक्षात ठेवायला सांगितली आणि मागे जर्मन भाषेतला मजकूर वाचून दाखवला. ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हतं, तरी चुका वाढल्याच. अर्थ कळत नसला तरी बोलण्याचे चढउतार कान सोडत नाही, असं पुढच्या प्रयोगांनीही दाखवलं. असेल. पण मी काही बदलणार नाही. माझं काम अक्षरं पाठ करण्याचं नाही आणि त्यांना प्रयोगात जर्मन गाणारी बाई मिळाली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 पासून, ब्रिटिश रेडिओवर कारखान्यातल्या कामगारांसाठी रोज दोनदा अर्धा अर्धा तास संगीत लावायचे. निवडीचे नियम कडक. फार संथ नको, झोप येते. फार गुंतवणारं नको, हात थांबतात. टाळ्यांचा ठेका असलेलं एक लोकप्रिय गाणं तर त्यातून वगळलं होतं, कारण टाळीची जागा आली की लोक हातातली अवजारं आपटून ठेका धरायचे. थोडक्यात, ऐकू यावं पण ऐकलं जाऊ नये. माझी आणि त्या नियम करणाऱ्याची मतं इतकी जुळतात की मला जरा संशयच येतो.

आई वेगळी. ती शिवणकाम करायची, पायानं चालवायच्या मशीनवर. मशीन खिडकीपाशी आणि रेडिओ तिच्या डोक्यावरच्या फळीवर. मशीनचा खडखडाट एवढा की रेडिओवर गाणं लागलंय एवढंच कळायचं, कुठलं ते नाही. निदान आम्हाला नाही. तिला कळायचं. एक गाणं होतं, त्याच्या दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी एक छोटीशी हरकत होती, गळ्यानं सुरांना दिलेला एक झटकन वळसा. पहिला अंतरा खडखडाटात जायचा, दुसराही तसाच अर्धा जायचा, आणि ती जागा येण्याच्या जरा आधी आई उजवा तळहात चाकावर टेकवायची. मशीन थांबायचं. सुई कापडात अर्धी रुतलेली, डावा हात कापडावर तसाच ताणलेला, मान किंचित वर. ती हरकत व्हायची, ध्रुवपदाचे दोन शब्द यायचे, की पाय पुन्हा सुरू. दोन-तीन सेकंदांचा कारभार. टीप कधी वाकडी झाली नाही.

बरं, त्या खडखडाटात तिला बाकीचंही सगळं ऐकू यायचं. मागच्या खोलीत नळ नीट बंद झाला नाही, दार लोटलं पण कडी लावली नाही, आम्ही दोघं दबक्या आवाजात एकमेकांना चिमटे काढतोय. मशीन न थांबवता तिथूनच नाव घेऊन ओरडायची. कसं ऐकू यायचं देव जाणे. आम्ही तर ती हरकत सोडून त्या गाण्यातलं काहीच धड ऐकलं नव्हतं. पुढं कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडे ते गाणं पहिल्यांदा अखंड ऐकलं आणि मला ते चक्क बोडकं वाटलं. मध्ये मशीन नाही, काही नाही, माणूस नुसता गातोय.

हे सगळं कानात कोंबायचं खूळ वॉकमनपासूनचं. 1979 मध्ये सोनी कंपनीचा पहिला वॉकमन, म्हणजे हेडफोन लावून ऐकायचा छोटा कॅसेट प्लेअर, आला. कंपनीचे एक संस्थापक आकिओ मोरिता यांनी बाजारात आणण्याआधी तो घरी नेऊन वापरून बघितला, तर त्यांची बायको वैतागली. नवरा समोर बसलेला आणि कुठल्या कुठं गेलेला. मग त्यांनी हेडफोन लावायला दोन खाचा करायला लावल्या, म्हणजे दोघांना ऐकता येईल, आणि एक नारिंगी बटणही दिलं. ते दाबलं की संगीत हळू व्हायचं, आतला छोटा माइक सुरू व्हायचा आणि हेडफोन न काढता समोरच्याशी बोलता यायचं. एकट्यानं ऐकत बसणं उद्धटपणाचं वाटेल अशी मोरितांना काळजी होती. तसं काही झालं नाही. लोकांना एकट्यानंच ऐकायचं होतं. पुढं ते बटण गेलं, दुसरी खाचही गेली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 80 डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तर चालतो. 40 तास म्हणजे बरोब्बर कामाचा आठवडा. कुणीतरी विचार करूनच आकडा काढला असणार असं मी स्वतःला सांगते आणि घरून काम करायच्या दिवशी हेडफोन चढवून, दार लोटून बसते.

आई आता माझ्याकडेच असते. सुरुवातीला ती दाराबाहेरून हाक मारायची. मग आत येऊन खांद्याला हात लावायला लागली. मी दर वेळी दचकायचे, तेव्हा तिनं तेही सोडलं आणि स्क्रीनसमोर हात हलवायला लागली. हल्ली पलीकडच्या खोलीतून मेसेज टाकते. चष्मा चढवून, एकेक अक्षर शोधून. मागच्या आठवड्यात संध्याकाळी काम आटपून फोन बघितला तर तिचा दुपारचा मेसेज होता. "काम झालं की सांग. घाई नाही."

उठून तिच्या खोलीत गेले. "काय गं, काय म्हणत होतीस?"

"आता काय आठवणार?" ती म्हणाली. "दुपारचं होतं ते."