रोलाँ गारोसचे शेवटचे आठ महिने

रविवार, रात्री उशिरा

रोलाँ गारोस पुन्हा लढायला का गेला असेल, हा प्रश्न आज दिवसभर मनात घोळतो आहे. टेनिसच्या मैदानामुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले. २३ सप्टेंबर १९१३ रोजी फ्रान्सच्या फ्रेझ्यूसहून ट्युनिशियातील बिझेर्तपर्यंत न थांबता उडत भूमध्य समुद्र प्रथम ओलांडणारा वैमानिक तोच, हे मात्र टेनिस पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

महायुद्ध सुरू झाले तेव्हा विमाने प्रामुख्याने टेहळणीसाठी वापरली जात आणि वैमानिक एकमेकांवर पिस्तुले, बंदुका रोखत. विमानाच्या नाकाच्या दिशेने मशिनगन चालवायची, तर मध्ये स्वतःचाच पंखा येई. गारोसने पंख्याच्या पात्यांवर पोलादी पाचरी बसवून घेतल्या, म्हणजे पात्याला लागणारी गोळी बाजूला उडून जाई. उपाय ओबडधोबड खरा, पण एप्रिल १९१५ च्या पहिल्या तीन आठवड्यांत त्याने तीन जर्मन विमाने पाडली. १८ एप्रिलला त्याला बेल्जियममध्ये शत्रूच्या प्रदेशात उतरावे लागले आणि तो पकडला गेला. त्याचे विमानही जर्मनांच्या हाती लागले. जर्मनीसाठी विमाने बनवणाऱ्या डच अँथनी फोकरने ते पाहून दोन दिवसांत गोळ्या आणि पंखा यांचा मेळ साधणारे यंत्र बनवले, ही कथा मला अतिरंजित वाटते, कारण फ्रांझ श्नायडर या स्विस अभियंत्याने तशाच कल्पनेचे पेटंट १९१३ मध्येच घेतलेले होते.

जवळपास तीन वर्षांच्या कैदेत गारोसची दृष्टी अधू झाली. फेब्रुवारी १९१८ मध्ये तो आणि मार्शाल जर्मन अधिकाऱ्यांच्या वेशात निसटले आणि हॉलंडमार्गे मायदेशी पोहोचले. (हा मार्शाल म्हणजे १९१६ मध्ये बर्लिनवर बॉम्ब नव्हे, पत्रके टाकणारा वैमानिक, त्याच्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.)

परतल्यावर गारोसला मागच्या फळीत सन्मानाने राहता आले असते, पण त्याने पुन्हा आघाडीवर जाण्याचा हट्ट धरला. एव्हाना लढाईचे स्वरूप पार बदलले होते: एकेकट्याने शिकार शोधण्याचे दिवस संपून विमानांचे थवे एकत्र लढत होते आणि त्याच्या जुन्या मोरान विमानाच्या जागी वेगवान स्पाड विमाने आली होती. ज्याच्या प्रयोगाने या लढाईची सुरुवात झाली, त्यालाच ती नव्याने शिकावी लागली. हे त्याने निमूटपणे केले, याचे मला भूमध्य समुद्रावरील उड्डाणापेक्षाही अधिक कौतुक वाटते.

ऑक्टोबरच्या आरंभी त्याने आणखी एक विमान पाडले आणि ५ ऑक्टोबर १९१८ रोजी वूझिएजवळ तो स्वतः मारला गेला. दुसऱ्या दिवशी त्याला तीस वर्षे पूर्ण झाली असती. पाच विमाने पाडणाऱ्याला ‘एस’ म्हणण्याचा प्रघात आहे. गारोसची अधिकृत संख्या चारच भरते, तरीही अनेक ठिकाणी त्याला ही उपाधी चिकटवलेली दिसते. त्याला तिची गरज होती, असे मला वाटत नाही.