कळ्या लागल्यात, बाबांना पाइप देऊ नका

रविवार, मार्च संपत आलाय

माझ्या एकिनॉप्सिस कॅक्टसला कळ्या लागल्यात. दोन तर नक्की, तिसरीचं अजून काही खरं नाही, कारण या झाडाची कळी आणि अंगाला फुटणारं पिल्लू सुरुवातीला सेम दिसतं, काट्यांच्या बुडाशी करड्या लोकरीचा एवढासा गोळा फुगतो आणि त्याचं फूल होणार की नुसतं पोर, हे थोडे दिवस थांबल्याशिवाय कळत नाही. आज चष्मा लावून, वर मोबाईलचा टॉर्च मारून पाहिलं. लोकर काळपट आणि गोळा टोकदार होत गेला तर कळी, आणि लोकरीखालून हिरवं दिसून बारीक काटे निघायला लागले की समजायचं पिल्लू आहे. तिसरा गोळा मधल्यामध्ये अडकलाय, असू दे.

क्रेडिट माझं नाहीच, नागपूरच्या थंडीचं आहे. आपल्या उन्हाळ्यावर सगळे बोलतात पण डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 च्या खाली जातो आणि हवा कोरडी खडखडीत असते, हे कॅक्टससाठी किती भारी आहे हे कोणी सांगत नाही. मुंबईच्या मैत्रिणीकडे याच झाडाचं पिल्लू आहे, गलेलठ्ठ झालंय, फूल मात्र नाही. तिच्याकडे थंडीच पडत नाही आणि ती वर्षभर पाणी टाकते, मग झाड कशाला फुलायच्या भानगडीत पडेल, ते वाढतच राहतं. थंडी आणि कोरडं, दोन्ही सोबत मिळालं की झाड थांबतं, आणि थांबलं की पुढे कळ्या धरतं. म्हणजे दिवाळीनंतर पाणी कमी करत आणायचं, डिसेंबरपासून जवळपास बंद, संक्रांत झाल्यावर बुडाशी घोटभर, आणि होळीच्या आसपास नीट द्यायला सुरुवात.

ऐकायला सोपं वाटतं, घरात बाबा असले की नाही. बाबा पाचला उठतात, तुळस, जास्वंद, मोगरा सगळ्यांना पाइपनं आंघोळ घालतात आणि मग पाइप आपोआप माझ्या कुंड्यांकडे वळतो. जानेवारीत हे झाड आक्रसतं, शिरा आत ओढल्या जातात, वाळत घातलेल्या आवळ्यासारखं दिसायला लागतं, आणि बाबांना ते पाहवत नाही. "अगं सुकून राहिलं ना ते, तहान नाही लागत का त्याला?" मी म्हणते बाबा, तुम्ही त्याला हातच नका लावू, ते आत पाणी धरून बसलंय. त्यावर ते काही बोलत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी कुंडी ओली असते!! शेवटी सगळा स्टँड उचलून वरच्या गच्चीवर पायऱ्यांच्या तोंडाशी नेला, तिथपर्यंत पाइप पोचत नाही आणि बाबांचे गुडघे पाण्याचा मग हातात घेऊन चढू देत नाहीत. थोडा दुष्टपणा आहे, पण कळ्या तर आल्या.

आता पुढचे पंधरा-वीस दिवस मजा आहे. कळी आधी कितीतरी दिवस ढिम्म हलत नाही आणि मग एकदम दांडा काढते, रोज सकाळी पाहिलं की बोटभर पुढे, असं करत वीतभर लांब नळी होते, बाहेरून लोकरीची, टोकाला गुलाबी. संध्याकाळी सहा-साडेसहाला टोक सैल पडलं की त्या रात्री फुलणार हे ठरलेलं, मग मी स्वयंपाक लवकर उरकते. फूल तळहातापेक्षा मोठं. आत डोकावलं तर पुंकेसरांचे दोन वेगळे थर असतात, एक गठ्ठा खाली नळीत आडवा पडलेला आणि दुसरा घशाच्या कडेला गोल रिंग करून उभा, मधून हिरवट फाटे फुटलेला स्त्रीकेसर बाहेर येतो. बहुतेकांना फोटोत हे दिसतच नाही कारण सगळे लांबून झाडासकट फोटो काढतात. वास मंद असतो, आणि सकाळी मुंग्या रांगेत आत. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की नळीतूनच मान टाकतं, आपल्या इथे तर अकरा-बारा पण वाजू देत नाही. म्हणून फुलणाऱ्या दिवशी कुंडी खाली व्हरांड्यात आणून ठेवायची, सावलीत थोडं जास्त टिकतं. तेवढ्यापुरती बाबांनाही परवानगी, हात मागे बांधून.

माझ्या दुसऱ्या कॅक्टसचं, मॅमिलेरियाचं, तसं नसतं. ती मेक्सिकोकडची, फेब्रुवारीपासूनच डोक्यावर गुलाबी बारीक फुलांचा मुकुट घालून बसलीये, फुलं दिवसा उघडतात, रात्री मिटतात, आणि पुष्कळ दिवस चालतात. शिकाऊ माणसानं आधी तीच घ्यावी असं माझं मत आहे. नर्सरीतून घेताना मात्र रंगीबेरंगी कागदी दिसणाऱ्या फुलांच्या नादी लागू नये, ती वाळवलेली फुलं गरम ग्लूनं चिकटवलेली असतात, बोटानं हलवून पाहिलं की डोक्यावर ग्लूचा थेंब दिसतो. आणि ते लाल-पिवळे गोळे असतात ना, त्यांच्यात हरितद्रव्य नसतं, खालच्या ड्रॅगनफ्रूटच्या खुंटावर कलम केलेले असतात, खुंट आहे तोवर ते आहेत. दिसायला छान, पण मी घेत नाही.

मातीचं एकच सांगते, आपली काळी माती चिमूटभरही नको. पाणी धरून बसते आणि मुळं सडतात. मी कन्हान नदीची जाड रेती धुवून घेते, विटांचे बारीक तुकडे, थोडा कोळसा, आणि मूठभर जुनं शेणखत, कुंडी मातीचीच. मिलीबग आलाच तर (पऱ्हाटीवर येतो त्याच खानदानातला, कापसाचा पुंजका चिकटल्यासारखा दिसतो) कानातल्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपायचा.

खरी परीक्षा मे मध्ये. वाळवंटातलं झाड आहे तर उन्हात राहील असं लोकांना वाटतं, पण 45 डिग्रीत गच्चीची फरशी तापते आणि पश्चिमेकडची बाजू भाजून पांढरी-पिवळी पडते, तो डाग मग कधीच जात नाही. एकिनॉप्सिस मुळात अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण ब्राझीलकडचं गवताळ भागातलं, त्याला कसली 45 डिग्री माहीत! शिवाय कॅक्टस आपली छिद्रं रात्री उघडतो आणि तेव्हाच हवा घेतो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, रात्रीसुद्धा भट्टी असली की त्याची वाढ थांबते, तेव्हा पाणी दिलं तर ते कुंडीतच उकळतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हिरवी जाळी बांधायचीये, मागच्या वर्षीची वादळात फाटली. जून लागला की उलटी धावपळ, सगळं छज्जाखाली. फक्त ब्रह्मकमळ पावसात राहील, तेही कॅक्टसच, पण मेक्सिकोकडच्या जंगलात झाडांवर वाढणारं, त्याला सावली आणि ओल लागते. ते फुललं की रात्री दहाला कॉलनीतल्या बायका खुर्च्या टाकून बसतात, कोणी हळदीकुंकूही वाहतं. माझ्या काटेरी कुंड्यांकडे मात्र त्याच बायका "घरात काटे नको गं" म्हणून बघतात.

शेजारच्या काकूंनी तरी आज एकिनॉप्सिसचं पिल्लू मागितलं. देईन. तोडल्यावर जखम वाळायला आठवडाभर सावलीत तसंच ठेवायचं, लगेच लावलं की सडतं, हे त्यांना दोनदा सांगितलं. पण त्यांचं आणि माझं फूल एकत्र आलं तरी बी धरणार नाही, एकाच आईची पोरं ती, याला बी धरायला दुसऱ्या घराण्यातलं झाड लागतं. अमरावतीच्या ताईकडे पांढरं आहे, वेगळ्या नर्सरीतलं. तिला फोन केला की तुझं आधी फुललं तर पराग कागदात बांधून फ्रीजमध्ये ठेव, कोणी येत असेल त्याच्या हाती पाठव. ती म्हणाली, "कोणी कशाला, एसटीच्या कंडक्टरजवळ देते, पुडी बघून पोलिसांनी पकडलं तर तू ये सोडवायला."