जुने रंग अजून कशाला?

"डॉक्टर, फ्लो सायटोमेट्री आली तरी तुम्ही पेरॉक्सिडेज घेऊन काय बसता?" फोंड्याला आमच्या लॅबमध्ये शिकायला येणारी मुलं हे हमखास विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फ्लो सायटोमेट्री म्हणजे पेशींना अँटीबॉडी चिकटवून मशीनवर त्या ओळखणं; पेरॉक्सिडेज म्हणजे पेशीतलं एन्झाइम दाखवणारा जुना रंग.

ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, शंका असलेल्या रक्ताच्या स्लाइडवर ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व, पेशी दिसतात. लिशमनच्या नेहमीच्या रंगात बऱ्याचदा सगळ्या सारख्याच: मोठं केंद्रक, भोवती जेमतेम सायटोप्लाझम. ती मायलॉइड (न्यूट्रोफिल, मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या वंशातली) की लिम्फॉइड (लिम्फोसाइटच्या वंशातली), हे नुसत्या तोंडावळ्यावरून ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. एन्झाइम तपासलं की गोष्ट वेगळी. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि डीएबी हे रंग देणारं रसायन घातलं की ज्या पेशीत मायलोपेरॉक्सिडेज काम करतंय, तिथेच तपकिरी कण साचतात. लिम्फोसाइट कोरी राहते. १९७६ च्या फॅब (फ्रेंच-अमेरिकन-ब्रिटिश) ल्युकेमिया वर्गीकरणाने रेषा आखली: ३ टक्के किंवा जास्त ब्लास्ट तपकिरी, तर मायलॉइड. ती अजून कामाला येते.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की कंट्रोल, म्हणजे रंग नीट झाला का ते सांगणारा नमुना, स्लाइडवरच असतो. पेशंटच्याच न्यूट्रोफिल तपकिरी झाल्या असतील तर रंग नीट चढलाय. त्याही कोऱ्या असतील तर आधी स्लाइड जुनी आहे का ते बघा, हे एन्झाइम टिकत नाही. आणि पावसाळ्यात स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) पंख्याखाली झटपट वाळवा. आपल्या दमट हवेत सावकाश वाळला तर पेशींची पार रया जाते.

मोनोसाइट मात्र पेरॉक्सिडेजला धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. तिच्यासाठी नॉन-स्पेसिफिक एस्टरेज, या दुसऱ्या एन्झाइमचा रंग. दुसऱ्या स्लाइडवर तोच रंग सोडियम फ्लोराइड घालून करायचा. रंग गेला, तर मोनोसाइटच.

फ्लो सायटोमेट्री नको असं मी म्हणत नाही. लिम्फॉइडमध्ये बी पेशी की टी पेशी, हे या रंगांवरून कळणार नाही. पण तिथे अँटीबॉडी प्रथिनाला चिकटते. ते प्रथिन काम करतं की नाही, हे तिला ठाऊक नसतं. काहींना जन्मतःच मायलोपेरॉक्सिडेज कमी असतं आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. पेरॉक्सिडेजवर पेशी मोजणारं मशीन त्यांच्या न्यूट्रोफिल ओळखतच नाही, भलत्याच रकान्यात टाकतं. अशा वेळी रिपोर्टवर सही करण्याआधी साधी लिशमनची स्लाइड डोळ्यांखालून घालावी लागते. तिथे त्या न्यूट्रोफिल चांगल्या ठसठशीत दिसतात.