ड्रम सँडरची धूळ: ब्लोअरआधी हूड बघा

ड्रम सँडर म्हणजे पॉलिशपेपर गुंडाळलेल्या फिरत्या ड्रमखालून फळी नेऊन ती घासणारं मशीन. त्यातून निघालेल्या फळीवर हात फिरवला की तळवा पिठात बुडवल्यासारखा होतो. पॉलिशपेपरच्या दोन्ही टोकांना धूळ भाजून काळे पट्टे धरलेले असतात आणि मधला भाग मात्र स्वच्छ. अशी लक्षणं असतील तर धूळ खेचायला लगेच मोठा ब्लोअर आणायला धावू नका. मधला कागद स्वच्छ आहे म्हणजे हवेची ओढ आहे, ती टोकांपर्यंत पोचत नाही एवढंच.

आधी धूळ जाते कुठे ते बघू. ड्रम फळीच्या चालीविरुद्ध फिरतो, म्हणजे त्याची खालची बाजू फळी आत शिरते त्या तोंडाकडे धावत असते. १२५ मिमी व्यासाचा ड्रम मिनिटाला १७०० फेरे घेत असेल, तर परिघावरचा वेग सेकंदाला साधारण ११ मीटर होतो. तेवढ्याच वेगाने धूळ आतल्या तोंडाकडे उडते, हुडाच्या, म्हणजे ड्रमवरच्या झाकणाच्या, भिंतीने वर चढते आणि बरीचशी पाइपात शिरायच्या आत ड्रमभोवती फिरणाऱ्या हवेबरोबर माथ्यावरून पुढे निघून जाते. ती मागच्या बाजूने खाली उतरते आणि थेट घासून झालेल्या फळीवर बसते. तिथे दाबाचा रोलर ती लाकडात दाबतो. उरलेली पुन्हा कागदाखाली येते, दाण्यांत भरते, कागद तापतो आणि लाकूड करपतं.

म्हणून पहिलं काम आडपट्टीचं. हुडाच्या आत, ड्रम फिरतो त्या दिशेने पाहिलं तर पाइपाच्या तोंडाच्या लगेच पुढे, ड्रमच्या पूर्ण रुंदीची एक पट्टी बसवा. ६ मिमी प्लाय किंवा सागवान चालेल, लोखंड अजिबात नको. कधी कागदाला टेकलं तर ठिणगी पडेल आणि ती सरळ भुशाच्या पिशवीत जाईल. स्क्रूची भोकं लांबट ठेवा म्हणजे पट्टी पुढेमागे सरकवता येते. ड्रम आणि पट्टीत ३ मिमी फट पुरे. फट मोजताना ड्रमवर तुमच्याकडचा सगळ्यात जाड, म्हणजे भरड कागद चढवलेला असू द्या, आणि मशीनचा प्लग काढलेला. फट २ मिमीच्या खाली नेऊ नका, कागदाची कडा जराशी जरी उचलली गेली तरी पट्टीत अडकून कागद टरकतो.

दुसरी गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवून टाकल्या की ओढ वाढेल असा समज असतो. आत यायला हवाच उरली नाही तर पाइपातून जाणार काय? फळी आत शिरते ते मुख्य तोंड मोकळं हवं आणि बाकीचं बंद. त्या तोंडाचं क्षेत्रफळ पाइपाएवढं ठेवायचं. १५० मिमी पाइपाचं क्षेत्रफळ १७७ चौसेमी आहे. ६०० मिमी रुंद ड्रमला त्या हिशोबाने सुमारे ३० मिमी उंचीची फट येते. १०० मिमी पाइप असेल तर फक्त १३ मिमी. झाकणाचा सांधा, बिजागरीची बाजू आणि ड्रमची दोन्ही टोकं मात्र फोमच्या पट्टीने घट्ट करा, कारण तिथून येणारी हवा धूळ न उचलता फुकट जाते.

आता टोकांचा प्रश्न. रुंद हुडाला मधोमध एकच गोल तोंड असेल तर हवा जवळच्या वाटेने येते, टोकं कोरडी राहतात. १००-१०० मिमीची दोन तोंडं, प्रत्येक टोकापासून पाव रुंदीवर, वाय जोडाने १५० मिमी पाइपात आणा. टी जोड नको, त्यात हवा आपटते. मुख्य पाइप १५० मिमीचा टाकून मशीनजवळ १०० चा रिड्यूसर, म्हणजे पाइप अरुंद करणारा जोड, लावणं म्हणजे पाइपाचे पैसे पाण्यात. पाइपात बारीक धूळ वाहती राहायला सेकंदाला २० मीटर वेग धरला, तर १०० मिमीतून तासाला ५६५ घनमीटर हवा जाते, १५० मिमीतून सुमारे १२७०. लवचीक होज गुळगुळीत पाइपापेक्षा कितीतरी जास्त अडवते, तेव्हा मीटरभरापेक्षा जास्त नको, आणि तीही ताणलेली.

तपासायला धूर पेटवू नका, बारीक धूळ आणि जळतं काहीही एकत्र नको. टिश्यूची पट्टी काडीला बांधून, ड्रम बंद आणि ब्लोअर चालू ठेवून, मुख्य तोंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. ती सगळीकडे सारखीच आत वाकली पाहिजे. मग दिवे मालवून, ड्रम चालू करून एक फळी घाला आणि बाहेरच्या बाजूने टॉर्च तिरका मारा. जी धूळ एरवी दिसत नाही ती तिथे तरंगताना दिसते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्येच कर्ककारक ठरवली आहे, तेव्हा मास्क या सगळ्यानंतरही लागतोच.

शेवटचा भाग स्वस्तातला, ओढ बिघडली की कळवणारं माप. मुख्य पाइपाला, मशीन आणि ब्लोअरच्या मध्ये, बारीक भोक पाडून पारदर्शक नळी जोडा, ती यू आकारात फळीवर ठोका आणि अर्धी रंगीत पाण्याने भरा. फिल्टर स्वच्छ असताना दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक पेन्सिलने खुणवा. पुढे फरक वाढला तर हूड किंवा होज तुंबली आहे. कमी झाला तर फिल्टर झटकायची वेळ आली आहे, नाहीतर कुठेतरी जोड सुटला आहे.