आठवड्यातले आठ दिवस

मुलांची शाळा घरीच सुरू केली, तेव्हा काय काय सुटेल याची मी मनाशी यादी केली होती: गणवेश, दप्तर, सकाळची आरडाओरड. रविवार सुटेल हे मात्र ध्यानात आलं नव्हतं. शाळेत जायचंच नाही, तर सुट्टी कसली लागणार?

तरी सोमवारी मी शिस्तीत बसते. पहिल्या वर्षी भिंतीवर तासांचं वेळापत्रक चिकटवलं होतं, मधल्या सुट्टीसकट. दहा दिवस टिकलं. भरल्या वर्गात हजेरी, ‘शांत बसा’, ‘वह्या काढा’ यांत जो वेळ जातो, तो घरी लागतच नाही. दोघांचं गणित-वाचन दीड-दोन तासांत आटपतं. उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हा खरा अभ्यास. आणि तो माझा. ‘अनस्कूलिंग’, म्हणजे शाळेविना शिकणं, हा शब्द १९७०च्या दशकात रूढ करणारे अमेरिकन शिक्षक-लेखक जॉन होल्ट, त्यांचा सगळा भरवसा मुलांवर. मूल शिकतच असतं, मोठ्यांनी फार मध्ये पडू नये. पटतं. (होल्ट यांना स्वतःची मुलं नव्हती, हे मला सोमवारी दुपारी हटकून आठवतं.)

परवाचंच घ्या. मंगळवारी भागाकार चालला होता. मध्येच धाकटा म्हणाला, “दिवस सात, मग आठवडा का? सातवडा का नाही?” मी वहीकडे बोट दाखवलं. तोवर थोरली पेन्सिल टाकून बोटं मोजायला लागली होती. रविवार ते रविवार, दोन्ही टोकं धरून आठ. “म्हणूनच आपण ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो!” झालं, वाटलं मला. पण धाकट्याचं समाधान नाही. “मग दोन आठवड्यांचे सोळा हवेत. आपण ‘पंधरा दिवस’ का म्हणतो?”

बुधवारची अख्खी सकाळ यात गेली. फरशीवर खडूने चौकोन आखून तो उड्या मारत राहिला आणि शेवटी त्याचा त्यालाच सुगावा लागला: मधला रविवार दोन्ही आठवड्यांत येतो, तो दोनदा धरायचा नाही. मी थक्क झाल्याचा चेहरा केला. खरं तर करावा लागला नाही.

गुरुवारी थोरलीचा प्रश्न. शनिवारनंतर रविवारच का? आता मात्र माझी तयारी होती. जुने ज्योतिषी ग्रहांना संथ ते चपळ असे ओळीने मांडत: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या प्रत्येक तासाचा, म्हणजे होऱ्याचा, एकेक धनी. पहिल्या तासाचा जो धनी, त्याचा तो वार. “आता चोवीसला सातांनी भाग.” बाकी तीन. शनीपासून तीन घरं पुढे रवी, रवीपासून तीन घरं पुढे चंद्र, म्हणजे सोम. शुक्रावर येऊन पुढे सरकली तर पुन्हा शनी! मंगळवारी दारातून हाकललेला भागाकार खिडकीतून आत आला होता, आणि मी तोंड मिटून बसले. एरवी मला ते जमत नाही.

शुक्रवारी काही झालं नाही. भांडणं झाली. कंपासपेटीतला कर्कटक कुणाचा, यावरून दोघं तासभर एकमेकांशी बोलली नाहीत आणि मी दोघांशी. असल्या दिवशी लांबून शाळेची घंटा ऐकू आली, की तिकडच्या आयांचा हेवा वाटतो, यात लपवण्यासारखं काय? शनिवारी जिन्यात एकांनी नेहमीचंच विचारलं, “मुलं मिसळणार कशी चारचौघांत?” मी नेहमीचंच हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाका आल्या. शाळेतली पोरं खेळायला बोलावत होती, म्हणजे रविवार. धाकटा चपला अडकवत धावला आणि अर्ध्या जिन्यातून ओरडला, “आई, आज आठवा दिवस की पहिला?”

मी दारात येईपर्यंत तो खाली पोचलासुद्धा होता.