ह्यूस्टनचे तिघे आणि तेहेतीस मिनिटं

झीझी टॉप या ह्यूस्टनच्या रॉक बॅन्डचा 'त्रेस ओम्ब्रेस' हा अल्बम आधी बघावा आणि मग ऐकावा असं माझं स्पष्ट मत आहे. इथे ह्यूस्टनमध्ये जुन्या एलपी विकणाऱ्या दुकानांत तो अजून मिळतो, कव्हर पुस्तकासारखं उघडायचं, आणि आत दोन्ही पानं भरून काय तर जेवण! ना गिटार ना लांब केसांचे हिरो, नुसतं वितळलेल्या चीजखाली बुडालेल्या एन्चिलाडा, टाको, ग्वाकामोले, असं टेबलभर पसरलेलं. ते सगळं ह्यूस्टनमधल्याच लिओज नावाच्या मेक्सिकन हॉटेलातलं. 1973 साली बाकीचे बॅन्ड कव्हरवर परग्रह आणि चेटकिणी छापत होते त्या काळात या तिघांनी आपल्या गावातल्या खानावळीचा फोटो छापला. आणि आत वाजतं पण तेच, आपलं गाव, आपला घाम, आपला रस्ता.

आपल्याकडे बहुतेकांना झीझी टॉप म्हणजे दोन लांब दाढीवाले आणि ऐंशीच्या दशकातले व्हिडिओ एवढंच माहिती. पण दाढ्या आल्या 1979 च्या आसपास. त्याच्या आधी हे टेक्सासभर बारमध्ये आणि छोट्या हॉलमध्ये वाजवत फिरणारे तीन पोरगे होते. गिटार आणि गाणं बिली गिब्बन्स, तो इथलाच, ह्यूस्टनचा. बास डस्टी हिल आणि ड्रम्स फ्रँक बिअर्ड, हे दोघं डॅलसकडचे, आधीपासून एकत्र वाजवणारे. 1970 ला तिघं जमले ते थेट 2021 ला डस्टी इथे ह्यूस्टनमध्येच गेला तोपर्यंत, मध्ये कोणी बदललं नाही. एक्कावन्न वर्षं! आपल्याकडे दोन सख्खे भाऊ एवढी वर्षं एक दुकान चालवत नाहीत. 'त्रेस ओम्ब्रेस' हा त्यांचा तिसरा अल्बम, आणि पहिला खऱ्या अर्थाने चाललेला, बिलबोर्ड या अमेरिकन खपाच्या यादीत आठव्या नंबरपर्यंत गेला.

पहिलंच गाणं 'वेटिन फॉर द बस'. विषय काय तर एक कामावरून सुटलेला माणूस बसची वाट बघतोय. बास, संपला विषय. ह्यूस्टनमध्ये नवीन असताना, लायसन्स नव्हतं तेव्हा मी वेस्टहायमर रस्त्यावरून जाणाऱ्या 82 नंबरच्या बसची वाट बघत ऑगस्टमध्ये उभा राहिलोय, आणि सांगतो, मे महिन्यातली दादर स्टेशनबाहेरची दुपार परवडली. दमट, सावलीला झाड नाही, समोरून सगळे एसी लावलेल्या पिकअपमधून काचा वर करून जाणार, आणि स्टॉपवर आपण, हॉटेलात भांडी घासून परतणारे एकदोन जण आणि युनिफॉर्ममधली एखादी नर्सिंग होमवाली बाई. गाण्यातली गिटार तशीच आहे, जड पाय ओढत चालणारी, घाई अजिबात नाही. मधे गिब्बन्स माऊथऑर्गन वाजवतो तो पण तसाच, चिकचिकीत.

आणि मग गाणं संपतं तिथे श्वास घ्यायलाही न थांबता दुसरं सुरू होतं, 'जीझस जस्ट लेफ्ट शिकागो'. मास्टर टेप जोडताना दोन गाण्यांच्या मधली शांतता कापली गेली आणि ते इतकं फिट बसलं की इथल्या रेडिओवर आजही दोन्ही एकत्रच लावतात, एकच लावलं तर चुकल्यासारखं वाटतं. हे संथ ब्लूज आहे, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं जुनं संगीत, आणि त्यात येशू शिकागोहून निघून खाली न्यू ऑर्लिन्सकडे चाललाय, वाटेत मिसिसिपीच्या गढूळ पाण्याची वाइन होते. आपला विठोबा विटेवर उभा आणि लोक चालत त्याच्याकडे जातात, इथे देवच वारीला निघालाय! ब्लूज मिसिसिपीतून शिकागोला गेलं, हे गाणं त्याला उलट्या दिशेने घरी आणतंय असं मला ते ऐकताना वाटतं, अर्थात हे माझं आपलं.

आता 'ला ग्रेंज'. हे तुम्ही कुठेतरी ऐकलेलंच आहे, जाहिरातीत नाहीतर सिनेमात. ला ग्रेंज हे ह्यूस्टनहून साधारण शंभर मैलांवरचं छोटं गाव, ऑस्टिनला जाताना कोलंबस गावापाशी आय टेन हा मोठा हायवे सोडून 71 नंबरचा हायवे धरला की लागतं. चेक लोकांची जुनी वस्ती, त्यामुळे सगळे तिथे कोलाचे नावाचा गोड पाव खायला थांबतात, आम्हीही थांबतो. पण गाणं आहे गावाबाहेरच्या कुंटणखान्याबद्दल, चिकन रँच. तीसच्या दशकातल्या मंदीत लोकांकडे रोकडा नसायचा तेव्हा गिऱ्हाईक कोंबड्या देऊन हिशोब चुकवायचे, म्हणून ते नाव. सगळ्यांना माहिती, शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखालाही माहिती, वर्षानुवर्षं चालू. अल्बम जुलै 1973 च्या शेवटी आला आणि त्याच आठवड्यात मार्विन झिंडलर नावाच्या ह्यूस्टनच्या टीव्ही रिपोर्टरने बोभाटा केला, गव्हर्नरपर्यंत गेलं आणि ऑगस्ट उजाडताच कुलूप. म्हणजे गाणं बाजारात येतंय आणि ज्याच्यावर गाणं ते बंद पडतंय, असली पब्लिसिटी पैसे देऊन पण मिळत नाही.

पण किस्सा बाजूला ठेवून नुसतं वाजवणं ऐका. सुरुवातीला फक्त गिटारची एक हळू कुरकुर, फ्रँक ड्रमच्या कडेवर काठी टकटक करतोय, बिली ओठातल्या ओठात पुटपुटतोय, बास नाहीच. सगळं शेजारच्या खोलीत चाललंय असं वाटतं. मग ड्रम्सचा एक गडगडाट आणि धाडकन तिघं एकदम. सोलोला, म्हणजे एकट्या गिटारच्या भागात, गाणं 'ए' या पट्टीतून उचलून वरच्या 'सी'मध्ये नेलंय आणि अंगावर काटा येतो तो तिथेच. डस्टी या सगळ्यात काय करतो? जवळजवळ काही नाही, खालचा सूर धरून बसतो. बासवाल्याने चमकायचा मोह टाळला की गिटारला केवढं अंगण मिळतं ते इथे कळतं.

'ला ग्रेंज'ची चाल जॉन ली हूकर या जुन्या ब्लूज गायकाकडून उचललेली आहे हे कोणीही सांगेल, त्याचं 'बूगी चिलन' हे गाणं, 1948. त्यावरून नव्वदच्या दशकात केस पण झाली. कोर्टाने म्हटलं की हूकरचं रेकॉर्ड विकायला काढलं तेव्हाच ते गाणं प्रकाशित झालं आणि तेव्हा कॉपीराईटचे सोपस्कार केले नव्हते, सबब निकाल बराचसा झीझी टॉपच्या पथ्यावर पडला. त्यावर संगीतवाल्यांनी एवढी ओरड केली की 1997 ला अमेरिकन काँग्रेसने कायदाच बदलला. कायद्याने सुटले, ठीक आहे, पण हूकरचं देणं आहे ते आहेच, मला तरी ते नाकारता येत नाही.

सगळंच भारी आहे असं नाही. 'हॉट ब्लू अँड रायचस' मला कायम थोडं रडकं वाटतं, 'शेक' ठीकठाक. पण 'मास्टर ऑफ स्पार्क्स' सोडू नका, लोखंडी पिंजऱ्यात माणूस बसवून तो धावत्या ट्रकमागे रस्त्यावर सोडायचा आणि ठिणग्या बघायच्या असला टेक्सन उद्योग त्यात आहे, पोरांना दुसरा टाइमपास नव्हता बहुतेक.

आणि ऐकणार असाल तर एक बघा. 1987 ला सीडीसाठी हे जुने अल्बम परत मिक्स केले, म्हणजे वाद्यांचे आवाज नव्याने जुळवले, ड्रम्सना ऐंशीच्या दशकातला तो डब्यातला दणका आणि एको चढवला, पार वाट लावली. मूळ मिक्स परत आलं 2006 च्या रीमास्टरमध्ये. तेच लावा, नाहीतर सरळ एलपी. अख्खा अल्बम तेहेतीस-चौतीस मिनिटांचा आहे, ठाणे ते दादर स्लो लोकलमध्ये आरामात बसतो, फक्त हेडफोन चांगले घ्या.