प्लेटिंगचं शेड घेतलं आणि बोअरला पिवळं पाणी लागलं

भोसरीच्या एमआयडीसीतलं ते शेड आम्हाला पॅकेजिंगच्या कामासाठी हवं होतं. आधी तिथे हार्डक्रोम प्लेटिंग, म्हणजे धातूच्या भागांवर क्रोमियमचा कठीण थर चढवायचं काम चालायचं. टाक्या उचलून, फरशी धुऊन, भिंतींना रंग मारून ताबा मिळाला. बोअर चालू केला तर पाणी पिवळसर. जुने मालक म्हणाले, "गंज असेल हो." पण गंज तळाशी बसतो. हे पाणी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं तरी तसंच पिवळं आणि नितळ.

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा मुलगा नमुना घ्यायला आला. बोअरमध्ये साचलेलं पाणी जाऊन खडकातलं ताजं यावं म्हणून त्याने आधी बराच वेळ नुसता पंप चालवला. मग दोन बाटल्या भरल्या. एकूण क्रोमियमच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घातलं, हेक्झाची, म्हणजे सहा संयुजेच्या विषारी क्रोमियमची, मात्र फक्त गाळून बर्फात ठेवली. "सर, हिच्यात आत्ता ॲसिड गेलं तर हेक्झा वाटेतच मरतो आणि आकडा कमी येतो. ही चोवीस तासांत लावायची." जाता जाता त्याने एका नळीत थोडं पाणी घेऊन ॲसिड आणि डायफेनिलकार्बाझाइडचे थेंब टाकले. पाणी बघता बघता जांभळं झालं. रिपोर्ट हातात यायच्या आधीच निकाल कळला होता.

पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. प्लेटिंगच्या टाकीत लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड असतं, म्हणजे १३० ग्रॅम हेक्झा क्रोम. गणित मांडून बघा: टाकीतलं एक लिटर पाणी २६ लाख लिटर भूजल मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. आणि इथे टाकीतून जॉब (प्लेटिंग केलेला भाग) उचलताना वर्षानुवर्षं थेंब पडत होते, फरशीचे सांधे क्रोमिक ॲसिडने खाल्ले होते. तीन संयुजेचा क्रोम मातीत बसून राहतो. हा सहावाला पाण्यात विरघळून पळतो, आणि कर्करोगाशी नाव जोडलेला तोच.

सल्लागारांनी शेवटच्या टाकीच्या जागेखाली खड्डा घेतला. माती जवळजवळ स्वच्छ निघाली! इथे आम्ही अडलो असतो, पण शेजारच्या गल्लीत पूर्वी त्याच शेडमध्ये काम केलेले एक काका भेटले. त्यांनी आत येऊन पायाने जागा दाखवली. "टाकी आधी इथं होती, भिंतीला लागून. शेड वाढवलं तेव्हा हलवली." तिथली फरशी फोडली तर खालचा मुरूम हिरवट-पिवळा, आणि खोल जाऊ तसा पिवळाच. नकाशे, ड्रॉइंग सगळं पाहून झालं होतं. असली माहिती कामगाराकडेच असते.

वरची माती खणून काढली. ती घातक कचरा ठरते, त्यामुळे साध्या डंपरवाल्याला देता येत नाही. एमपीसीबीची (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची) कागदपत्रं, गाडीगणिक मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याची नोंद) आणि रांजणगावचं विल्हेवाट केंद्र. या भागाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की घाई असेल तरी खणायच्या आधी मंडळाला पत्र द्या.

खडकातलं पाणी मात्र खणून काढता येत नाही. त्यावर उपाय हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. ते हेक्झाला तीनवाला करतं. हिशेबाने एक किलो हेक्झाला १६ किलो लागतं, प्रत्यक्षात जास्तच. पाणी उपसून टाकीत हिराकस, मग चुना घालून पीएच आठच्या पुढे, की हिरवट-तपकिरी गाळ खाली बसतो. तो गाळही पुन्हा रांजणगावलाच! काही बोअरमधून हिराकसाचं द्रावण थेट खालीही सोडलं. आमचं प्रकरण त्यातल्या त्यात सोपं. तमिळनाडूत राणीपेटला बंद क्रोमेट कारखान्याचा लाखाहून अधिक टन कचरा कित्येक वर्षं उघड्यावर पडून राहिला. क्रोमाइट खनिज भाजल्यानंतरचा असा कचरा फार अल्कधर्मी असतो. त्यात हिराकस आत मुरायच्या आधीच त्यातलं लोखंड गाळ होऊन बसून जातं, हेक्झापर्यंत पोचतच नाही.

उन्हाळ्यात आकडे खाली आले आणि सगळे खूश झाले. सल्लागार तेवढे झाले नाहीत. पावसाळ्यानंतर आकडा परत वर चढला. मुरमात आणि बेसाल्टच्या बारीक भेगांत अडकलेला क्रोम पाणीपातळी वर आली की सुटतो. तेव्हापासून उन्हाळ्याच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. जागा घेणाऱ्यांनीही दसऱ्याच्या सुमाराचा नमुना मागावा, आणि हेक्झाचा वेगळा मागावा.

आता आमच्या बोअरचं पाणी मर्यादेच्या थोडंच वर आहे. प्यायला टँकर चालू आहे. उताराच्या बाजूच्या शेजाऱ्यांच्या बोअरलाही हलका रंग आला होता. बेसाल्टमधल्या भेगा उतार विचारून जात नाहीत, म्हणून चढाच्या बाजूचाही नमुना घेतला, तो सुदैवाने साफ निघाला. २०२५ च्या जुलैत केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम काढले. खर्च कोणी सोसायचा हे त्यांच्या आधारे जुन्या मालकांशी आमचे वकील सध्या बोलत आहेत.